स्वस्त ई-रीडर आणि पुस्तकाची मालकी

कमी पैशांत कोणता ई-रीडर घ्यावा, असं बरेच जण विचारतात. आधी थोडा इतिहास बघू.

नोव्हेंबर २००७ मध्ये पहिला किंडल आला, किंमत ३९९ डॉलर. २०११ मध्ये जाहिराती दाखवणारा किंडल अमेरिकेत ७९ डॉलरला मिळू लागला. यंत्र स्वस्त झालं, कारण कमाई पुढे पुस्तकं विकून करायची होती.

मधे जुलै २००९ मध्ये वेगळंच घडलं. ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' ॲमेझॉनने वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, जेफ बेझोसने माफीही मागितली. पण विकत घेतलेलं पुस्तक नेमकं कुणाचं, हा प्रश्न उरलाच. कागदी पुस्तक न्यायला दुकानदार घरात शिरत नाही! फेब्रुवारी २०२५ मध्ये तर किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली.

म्हणून किमतीच्या जोडीला मी तीन गोष्टी बघतो. ईपब फाइल थेट उघडते का? केबल लावून आपली पुस्तकं आत टाकता आणि बाहेर काढता येतात का? आणि मराठी जोडाक्षरं न तुटता दिसतात का?

तिन्हींना 'हो' असेल, तर त्यातला सगळ्यात स्वस्त खुशाल घ्या.