पवित्र्यापासून तोलापर्यंत

म्हातारपणी पाय घसरला की नुसते खरचटण्यावर भागत नाही. खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरूण धरतो. हाड जुळले तरी धास्ती उरते. धास्तीने चालणे कमी होते, मग पायांतले बळ आणखी जाते. यावर एक चांगला उतारा मिळाला तो चक्क एका युद्धकलेत!

तिचे नाव ताई ची. चीनच्या हेनान प्रांतात चेन घराण्याचे एक खेडे आहे. सतराव्या शतकात चेन वांगतिंग या लष्करी पेशाच्या माणसाने तिथे हिचा पाया घातला, असे मानतात. पुढे यांग लुचान (१७९९–१८७२) हा बाहेरचा शागीर्द ती शिकला आणि त्याने ती बीजिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने उड्या व झटके गाळून संथ हालचाली ठेवल्या. १९५६ साली चीन सरकारच्या क्रीडा खात्याने २४ हालचालींचा सोपा क्रम ठरवून दिला, आणि ही विद्या सर्वसामान्यांची झाली.

आता लढाईची विद्या म्हाताऱ्यांच्या कामी कशी येते? या विद्येत दोघे हाताला हात लावून एकमेकांचा तोल काढू पाहतात. तोल गेला तो हरला! म्हणून पहिला धडा पवित्र्याचा. गुडघे किंचित वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, अंगाचा भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, आणि मगच मोकळा झालेला पाय उचलायचा. वृद्ध माणसाचा तोल पुष्कळदा जातो तो असा भार बदलतानाच.

१९९६ साली अमेरिकेत अटलांटा येथील संशोधकांनी सत्तरी गाठलेल्या २०० जणांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १५ आठवडे ताई ची शिकलेल्यांत वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटला. यंत्रावर तोल साधायला शिकलेल्यांत मात्र तसा गुण दिसला नाही. २००५ साली ऑरेगॉनमधल्या २५६ वृद्धांच्या प्रयोगातही, आठवड्यातून तीनदा असे सहा महिने केल्यावर, पडणे कमी झाल्याचे आढळले.

मात्र हा काही एका दिवसाचा मंत्र नव्हे. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सुरुवातीला जाणत्याच्या देखरेखीखाली, खुर्चीचा आधार जवळ ठेवून करावे. शत्रूला पाडण्यासाठी घडलेली विद्या आज आजीआजोबांना उभे ठेवते आहे, यापरता तिचा मोठा विजय कोणता?