तीन नावांचा रस्ता

दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या गासची मंडळी नालासोपाऱ्याहून गाडी धरतात, दादरला उतरतात, पश्चिमेला चैत्यभूमीवर जातात आणि आल्या वाटेनं परततात. पण दादरच्या पूर्वेला एक रस्ता आहे. त्याची हकिगत आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावी, म्हणून हे चार शब्द.

हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. भायखळ्याहून निघतो, लालबाग, परळ, दादर, माटुंगा करत शीवला पोचतो. पूर्वी याला एक नाव नव्हतं. भायखळ्याकडच्या भागाला परळ रोड म्हणत; परळला तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता. पुढं दादरकडे व्हिन्सेंट रोड, हे एका साहेबाचं नाव. त्याच्यापुढं किंग्जवे, म्हणजे राजाचा रस्ता. गव्हर्नर, साहेब आणि राजा! ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. या ट्रस्टनं दादर-माटुंग्याकडे वस्त्या आणि रुंद रस्ते आखले, तशा कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या पोयबावडीजवळची अशीच एक बी.आय.टी. चाळ. तिच्यातल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी १९१२ पासून सुमारे २२ वर्षे संसार केला. याच परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू झालं. पुढं बाबासाहेब याच वाटेवर दादरच्या हिंदू कॉलनीत, स्वतः बांधलेल्या 'राजगृहा'त राहायला गेले. म्हणजे त्यांचं निम्मं आयुष्य या रस्त्याच्या आसपासच गेलं.

७ डिसेंबर १९५६. अंत्ययात्रा राजगृहातून निघाली. व्हिन्सेंट रोडनं पोयबावडी, मग एलफिन्स्टनचा पूल, सयानी रोड, गोखले रोड आणि शेवटी दादर चौपाटी. वाट जवळची नव्हती. पण ज्या परळमध्ये चाळीत दिवस काढले, त्या परळवरूनच बाबासाहेब शेवटचे गेले. लाखो माणसं चालत होती. रस्त्याला पाटी साहेबाची होती, पण त्या दिवशी रस्ता कुणाचा होता, हे सांगायला पाटी लागली नाही. पाटी नंतर बदलली.

आणखी एक गोष्ट. राजगृहाजवळच्या खोदादाद सर्कलला लोक आजही 'टी.टी.' म्हणतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, तरी नाव राहिलं. कारण ते लोकांच्या तोंडी राहिलं. नुसत्या पाटीवरचं नाव ऊन-पावसात पुसतं, तोंडातलं पुसत नाही.

तेव्हा यंदा चैत्यभूमीवरून येताना पूल ओलांडून पूर्वेला जा. राजगृह पाहा, तिथून परळपर्यंत मुलांचं बोट धरून चाला. आणि कुणी रस्ता विचारला, तर त्याचं पूर्ण नाव सांगा.