हेडफोन जोडल्याची सूचना सॉफ्टवेअरला कशी मिळते?

कुंभकोणम : तमिळनाडू सरकारने २०११ मध्ये सुरू केलेल्या मोफत लॅपटॉप योजनेमुळे कुंभकोणमसह राज्यभरातील विद्यार्थ्यांच्या हाती विंडोजबरोबरच ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय कार्यप्रणालीही आली. ‘सी-डॅक’च्या चेन्नई केंद्राने ती विकसित केली आहे. हेडफोनची पिन जोडली अथवा काढली, हे ओळखण्याच्या या दोन्ही प्रणालींच्या पद्धती भिन्न असल्या, तरी मूळ तत्त्व एकच आहे.

साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये सामान्यतः एक सूक्ष्म स्विच असतो. पिन आत जाताच त्याची स्थिती बदलते. ध्वनी-चिप हा बदल टिपून प्रोसेसरला संकेत पाठवते आणि ड्रायव्हर त्याचे सूचनेत रूपांतर करतो. इंटेलने २००४ मध्ये जाहीर केलेल्या ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ मानकात, विचारणा होण्याची वाट न पाहता चिपने स्वतःहून असा संदेश पाठवण्याची सोय आहे.

लिनक्समध्ये ही सूचना कर्नलकडून ‘पल्सऑडिओ’सारख्या ध्वनी-सेवेकडे जाते. पल्सऑडिओच्या २०१२ मधील २.० आवृत्तीत जॅक ओळखण्याची सुविधा आली. विंडोजमध्ये ध्वनी-उपकरणांतील बदल कळावेत, यासाठी सॉफ्टवेअरला आधी नोंदणी करावी लागते. आयफोनमध्ये ध्वनीचा मार्ग बदलल्याची सूचना कारणासह मिळते.

पिन निघण्याच्या क्षणाला विशेष महत्त्व आहे. त्या वेळी आवाज स्पीकरकडे वळून खासगी संभाषण किंवा दृष्टिहीन व्यक्तीसाठी पडद्यावरील मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज आसपासच्यांच्या कानी पडू शकतो. यासाठी अँड्रॉइड ‘आता आवाज बाहेर ऐकू जाईल’ अशा आशयाचा स्वतंत्र इशारा देते. मात्र तो ऐकून ध्वनी थांबवण्याची जबाबदारी मुख्यतः ॲपची असते. ॲपने नोंदणीच केलेली नसेल, तर इशारा निघूनही गाणे सुरूच राहते.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. स्विचला केवळ पिनचे अस्तित्व कळते. हेडफोन कानाला लावला आहे किंवा नाही, हे कळत नाही. त्यामुळे नुसती जोडवायर लावली, तरी स्पीकर बंद होऊ शकतो. जॅकमध्ये धूळ साचल्यास अथवा स्विच अडकल्यास पिन काढल्यावरही संगणक हेडफोन जोडलेलाच समजतो. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यापूर्वी जॅक तपासणे उचित ठरते.