भिंतीपाशी संपणारी हेरकथा आणि तिचे वाचक

इंग्रजी हेरकथांचा विषय निघाला, की जाणत्या वाचकांची चर्चा फिरून फिरून एका नावाशी येऊन थांबते. जॉन ल कारे यांची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ ही कादंबरी सप्टेंबर १९६३ मध्ये लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. त्यानंतर बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ इतिहासजमा झाला आणि १२ डिसेंबर २०२० रोजी स्वतः लेखकही गेला. मात्र या कादंबरीविषयीचे वाचकांचे मतभेद काही मिटलेले नाहीत. एखाद्या रहस्यकथेतील गुन्हेगार कळला, की वाचकाचे समाधान होते व पुस्तक कपाटात जाते. येथे रहस्य उलगडल्यावर खरी अस्वस्थता सुरू होते, आणि वाद आहे तो या अस्वस्थतेच्या अर्थाविषयी.

प्रथम शीर्षकाविषयी. ‘थंडीतून आत येणे’ याचा हेरखात्याच्या परिभाषेतील अर्थ, शत्रूच्या प्रदेशातील उघड्यावरचे धोक्याचे जिणे संपवून हेराने आपल्या माणसांच्या उबेत परत येणे. कादंबरीचा नायक अॅलेक लीमस हा पन्नाशीतला ब्रिटिश हेर बर्लिनमधील जाळे सांभाळत असतो. पूर्व जर्मनीच्या हेरखात्यातील मुंट नावाचा क्रूर अधिकारी त्याची माणसे एकामागून एक टिपतो. शेवटचा खबऱ्या तपासणी नाक्यावर सायकलवरून निसटताना डोळ्यांदेखत गोळी लागून पडतो, आणि तेथूनच कथा सुरू होते. लंडनला परतलेल्या लीमसला त्याचे वरिष्ठ, ज्यांना सारे केवळ ‘कंट्रोल’ म्हणतात, आणखी थोडे दिवस थंडीत राहण्याची गळ घालतात. नोकरीतून हाकलला गेलेला, दारूच्या आहारी गेलेला, पैशासाठी देश विकायला निघालेला माणूस असे सोंग त्याने वठवायचे; पूर्वेकडच्यांनी त्याला विकत घ्यायचे; आणि त्याने तेथे जाऊन मुंट हा लंडनचाच हस्तक असल्याचा संशय त्याच्याच हाताखालच्या फीडलरच्या मनात पक्का करायचा.

(ज्यांना कादंबरी अद्याप वाचायची आहे, त्यांनी येथून पुढे जपून वाचावे, शेवट सांगितल्यावाचून या वादाविषयी काही बोलता येत नाही.)

पूर्व जर्मनीतील गुप्त सुनावणीत डाव उलटतो. लंडनमध्ये लीमसच्या प्रेमात पडलेली ग्रंथालयातील सहकारी लिझ गोल्ड हिला साक्षीसाठी तेथे आणले जाते आणि तिच्या भाबड्या उत्तरांतून लीमसचे सोंग उघडे पडते. त्याच क्षणी लीमसला कळते, की मुंट खरोखरच लंडनचा माणूस आहे. आपल्याला पाठवले ते मुंटला संपवण्यासाठी नव्हे, तर त्याच्यावर रास्त संशय घेणाऱ्या फीडलरला संपवण्यासाठी. मुंट हा जुना नाझी, फीडलर ज्यू; लिझही ज्यू आणि श्रद्धाळू कम्युनिस्ट. म्हणजे पाश्चात्त्य लोकशाहीच्या रक्षणार्थ नाझी वाचवला जातो, आणि आपापल्या परीने प्रामाणिक असलेली दोन माणसे बळी दिली जातात. शेवटच्या, सव्विसाव्या प्रकरणात भिंत ओलांडताना लिझला गोळी लागते. पलीकडे स्मायली वाट पाहत असतो, तरी लीमस पुन्हा खाली उतरतो, पूर्वेच्या बाजूला, आणि तोही मारला जातो.

हा शेवट हाच वाचकांच्या मतभेदांचा सर्वांत मोठा विषय होय. एका वाचकवर्गाला तो आत्मघात वाटतो. सर्व बाजूंनी फसवल्या गेलेल्या थकल्या माणसाला जगण्याचे कारण उरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा वर्ग नेमके उलट सांगतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आज्ञेने चाललेल्या लीमसने स्वतःच्या मनाने केलेली ही पहिली आणि अखेरची कृती, आणि त्या अर्थाने तो तेव्हाच ‘थंडीतून आत’ येतो, असे त्यांचे म्हणणे. शेवटच्या प्रकरणाला लेखकाने ‘इन फ्रॉम द कोल्ड’ असेच नाव दिले आहे, हा पुरावा या पक्षाच्या बाजूचा. तथापि त्या नावात कडवट उपरोधही वाचता येतो, आणि येथे दुसरा पक्ष बिनतोड ठरत नाही. मरताना लीमसच्या डोळ्यांपुढे येते ते पूर्वी महामार्गावर पाहिलेले दृश्य: अजस्र मालमोटारींच्या मध्ये चेंगरत चाललेली छोटी मोटार आणि तिच्या खिडकीतून हसत हात हलवणारी मुले. पुस्तकातील इतर तपशील विसरलेल्या वाचकांनाही ही मुले आठवतात.

कादंबरी आली तो काळ लक्षात घेतल्याशिवाय तिच्या पहिल्या वाचकांचा धक्का समजणार नाही. १९६२ मध्ये जेम्स बाँडचा पहिला चित्रपट पडद्यावर आला होता. देखणा, अजिंक्य, उंची मद्याची पारख असलेला हेर जगाने डोक्यावर घेतला होता. त्याच सुमारास प्रत्यक्षातील हेरगिरी मात्र वेगळेच रूप दाखवत होती. बर्लिनमध्ये १३ ऑगस्ट १९६१ रोजी भिंतीचे काम सुरू झाले. त्याच वर्षी ब्रिटिश हेरखात्यातील जॉर्ज ब्लेक याला फितुरीबद्दल ४२ वर्षांची शिक्षा झाली, तर पश्चिम जर्मनीत सोव्हिएतविरोधी प्रतिहेरगिरीची जबाबदारी असलेला हाइन्झ फेल्फे हाच सोव्हिएत हस्तक निघाला. जानेवारी १९६३ मध्ये किम फिल्बी बैरूतहून मॉस्कोला पळाला. शत्रूच्या हेरखात्याचा एवढा मोठा अधिकारी आपला हस्तक कसा असेल, ही शंका एरवी वाचकाने घेतली असती. वर्तमानपत्रांनी ती आधीच फेडून टाकली होती.

त्यामुळे ही कादंबरी म्हणजे आतल्या माणसाने फोडलेले गुपित आहे, अशी समजूत झपाट्याने पसरली. त्यात तथ्य होते ते इतकेच, की ल कारे म्हणजेच डेव्हिड कॉर्नवेल त्या वेळी बॉन येथील ब्रिटिश वकिलातीत अधिकारी होते आणि खरोखरच हेरखात्याच्या नोकरीत होते. भिंत उभी राहत असताना ते बॉनहून बर्लिनला जाऊन आले आणि त्या संतापातच अवघ्या पाच-सहा आठवड्यांत कादंबरी लिहून झाली. हस्तलिखित खात्याकडे मंजुरीसाठी गेले आणि ते कल्पित असल्यामुळेच, कोणतेही गुपित फुटत नसल्यामुळेच, मंजूर झाले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. पण वाचकांना हे पटवून घ्यायचे नव्हते. खरे नसते तर खात्याने छापू दिले नसते, असे काही म्हणत. तर खरे आहे म्हणूनच लेखक नाकारतो, असे इतर. या तर्कापुढे कोणत्याही लेखकाचे काही चालणे शक्य नव्हते.

पहिल्या वाचकांत नामवंतही होते. ग्रॅहम ग्रीन यांनी आपण वाचलेल्या हेरकथांत ही सर्वोत्तम असल्याचा निर्वाळा दिला आणि तो पुढे आवृत्त्यांच्या मलपृष्ठांवर झळकत राहिला. ग्रीन यांनी स्वतः दुसऱ्या महायुद्धात हेरखात्यात काम केलेले असल्यामुळे या शिफारशीला वजन होते. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार, पाठोपाठ अमेरिकेतील एडगर पुरस्कार, आणि १९६४ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी हा मान असे सारे एका पुस्तकाच्या वाट्याला आले.

व्यवसायातील माणसांचा कौल मात्र इतका एकमुखी नव्हता. अमेरिकेच्या सीआयएचे पुढे प्रमुख झालेले रिचर्ड हेल्म्स यांना कादंबरी अजिबात आवडली नव्हती, याची नोंद त्यांच्या चरित्रकाराने केली आहे. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. हेरखाते चालते ते विश्वासावर. आपले वरिष्ठ आपल्याला सौद्यात मोजणार नाहीत ही खात्री गेली, की कोणता हेर सीमा ओलांडेल? याउलट मॉस्कोत आश्रयाला असलेल्या फिल्बीनेही ती वाचली. बाँडच्या पोरकटपणानंतर काहीतरी प्रगल्भ वाचायला मिळाल्याचे समाधान त्याने पत्नीला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केले, पण जाणकाराच्या दृष्टीने कथानक मुळातच अशक्य कोटीतले असल्याचा शेराही मारला. फितुराने दिलेले हे प्रशस्तिपत्र आणि टीका दोन्ही मासलेवाईक म्हणावी लागतील.

सोव्हिएत बाजूने आक्षेप आला तो वेगळाच. पाश्चात्त्य हेरखात्याची लक्तरे वेशीवर टांगणाऱ्या या पुस्तकाचे तेथे स्वागत व्हावे, अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु १९६५ मध्ये ‘लितरातुर्नाया गझेटा’ने ल कारे यांना शीतयुद्धाचे समर्थक ठरवले. दोन्ही बाजू सारख्याच काळ्या रंगवणे म्हणजे आपल्या बाजूच्या पापावर पांघरूण घालणे, असा टीकेचा रोख होता. ल कारे यांनी १९६६ मध्ये ‘एन्काउंटर’ या मासिकातून उघड पत्राने उत्तर दिले. शीतयुद्धात विजयही नाही आणि सद्‌गुणही नाही, ही आपली भूमिका त्यांनी त्यात मांडली. विशेष म्हणजे हाच आक्षेप उलट दिशेने पाश्चात्त्य वाचकही घेत आले आहेत. ज्यांना भिंतीपलीकडची दडपशाही ठाऊक होती, त्यांना लंडन आणि पूर्व बर्लिन एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे वाटते. कादंबरी नीट वाचली तर ती राजवटींची तुलना करत नाही, साधनांची करते. आमची साधने शत्रूइतकीच निर्दय असली तरी आमचे हेतू चांगले आहेत, असा युक्तिवाद कंट्रोल सुरुवातीलाच करतो, आणि उरलेले पुस्तक त्या एका युक्तिवादाची किंमत मोजत राहते.

सर्वसामान्य वाचकांच्या तक्रारी याहून साध्या आहेत, आणि त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. पहिली तक्रार कथानकाच्या गुंतागुंतीची. पाठलाग, गोळीबार फारसा नाही. खोल्यांत बसून चाललेली चौकशी, बँकेच्या खात्यांचे तपशील, कोण कोणाला कधी भेटला याच्या नोंदी यांनीच मधला भाग व्यापलेला आहे. वेगवान थरारकथांची सवय असलेला वाचक येथे कंटाळतो, हे खरे. पण सुनावणीत हेच कंटाळवाणे तपशील एकेक करून फासाचा दोर बनतात, तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचण्याची पाळी येते. दुसऱ्या वाचनात पुस्तक अधिक भयंकर वाटते, असे सांगणारे अनेक आढळतात. कंट्रोलचे पहिले आर्जव आणि स्मायलीची लिझकडे झालेली भेट यांचा खरा अर्थ तेव्हाच कळतो.

दुसरी तक्रार लिझविषयी. ती फारच भोळी आहे, तिला स्वतःचे असे आयुष्य नाही, नायकाच्या शोकांतिकेसाठी तिला उभे केले आहे, असा आक्षेप विशेषतः अलीकडचे वाचक घेतात. त्यात तथ्य आहे. मात्र भिंतीकडे जाणाऱ्या मोटारीत लीमसला नैतिक जाब विचारणारी तीच आहे आणि लीमसजवळ तिच्या प्रश्नाला पुरेसे उत्तर नाही, हेही तितकेच खरे. १९६५ साली मार्टिन रिट यांनी काढलेल्या कृष्णधवल चित्रपटात रिचर्ड बर्टन यांनी लीमस, तर क्लेअर ब्लूम यांनी ही भूमिका केली. तेथे तिचे नाव बदलून नॅन झाले. बर्टन यांची तेव्हाची पत्नी एलिझाबेथ टेलर असल्यामुळे ‘लिझ’ हे नाव टाळल्याचे सांगितले जाते. आणखी एक गंमत अशी, की चित्रपटातील बर्लिनचा तपासणी नाका डब्लिनमध्ये उभारला होता.

वाचकांनी लीमसला शोकात्म नायक मानले, याचे सर्वाधिक आश्चर्य बहुधा लेखकालाच वाटले. हेरगिरीला आपण नकळत उदात्त करून बसलो, कंट्रोलचे कपटही वाचकांना बुद्धिमान वाटले, अशी खंत त्यांना होती. म्हणून १९६५ च्या ‘द लुकिंग ग्लास वॉर’मध्ये त्यांनी गबाळ्या, निरुपयोगी, जुन्या वैभवाच्या स्वप्नात रमलेल्या हेरखात्याचे चित्र रेखाटले. ते वास्तवाच्या अधिक जवळचे असल्याचे ते सांगत. ब्रिटिश वाचकांनी त्याकडे चक्क पाठ फिरवली. निर्दय पण हुशार यंत्रणा वाचकाला चालते. मूर्ख यंत्रणा चालत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

‘टाइम’ने २००५ मध्ये १९२३ नंतरच्या शंभर उत्कृष्ट इंग्रजी कादंबऱ्यांत तिचा समावेश केला. त्याच वर्षी क्राइम रायटर्स असोसिएशनने आपल्या पन्नास वर्षांतील विजेत्यांमधून पुन्हा हीच निवडली. २०१७ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ल कारे स्वतःच या कथेकडे परतले. ‘अ लेगसी ऑफ स्पाईज’मध्ये निवृत्त पीटर गिलमला लंडनला बोलावून जुन्या फायली उघडल्या जातात, कारण लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी आपल्या आईबापांच्या मृत्यूचा जाब मागत असतात. या पुस्तकाबाबतही वाचकांत दोन तट पडले. लिझला मुलगी होती याची पुसटशी खूण मूळ कादंबरीत नाही, म्हणून जुने वाचक नाराज झाले. तर १९६३ मध्ये कोणीच न विचारलेला प्रश्न अखेर कोणीतरी विचारला, याचे अनेकांना समाधान वाटले. २०२४ मध्ये इंग्लंडमधील चिचेस्टर येथे डेव्हिड एल्ड्रिज यांनी केलेले नाट्यरूपांतर रंगमंचावर आले.

नव्याने वाचू इच्छिणाऱ्यांसाठी क्रमाविषयी एक सूचना जाणते वाचक हमखास करतात. मुंट हे पात्र प्रथम येते ते १९६१ च्या ‘कॉल फॉर द डेड’ या ल कारे यांच्या पहिल्याच, आकाराने लहान कादंबरीत. तो लंडनमधून कसा निसटला हे तेथे वाचलेले असेल, तर पुढे सुनावणीत त्या पलायनाचा उल्लेख आल्याबरोबर वाचकाच्या मनात पाल चुकचुकते. ते न वाचताही ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ पूर्णपणे समजते, कारण आवश्यक तेवढी माहिती लेखकाने आत पेरलेली आहे. मात्र मुंटविषयीचा धक्का तेव्हा लीमसइतकाच अनपेक्षित बसतो, आणि कित्येक वाचकांना तोच क्रम अधिक पसंत आहे.