उजेडाने घडविलेला ठसा : कलाभवन, फाळके आणि चित्रमुद्रणाची विद्या

वडोदऱ्याच्या जुन्या मराठी घरांत ओसरीच्या किंवा देवघराच्या भिंतीवर राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचे वा सरस्वतीचे चित्र हटकून आढळत असे. ते चित्र कोणी काढले, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असे. ते कोणत्या ठशावरून उतरले आणि तो ठसा कोणी घडविला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारी. ग्रंथालयातील सचित्र ग्रंथांचीही गत तीच. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर आणि चित्रकाराची सही चित्राच्या कोपऱ्यात असते. ठसा करणाऱ्याचा हात मात्र कागदावर उमटूनही अदृश्यच राहतो. या अदृश्य हाताच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण वडोदरे नगरीत घडलेले आहे.

त्याचा आरंभ एका पत्रापासून करता येईल. तंजावरच्या मराठी परंपरेतील सर टी. माधवराव हे १८७५ ते १८८२ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण होते. १८८४ साली त्यांनी रविवर्म्याला सुचविले की, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवून घ्याव्यात. म्हणजे एका चित्रकाराच्या हाताला न पुरणारी मागणी भागेल. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती पाहण्यास लोटलेल्या गर्दीने माधवरावांचे अनुमान खरे ठरविले. १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. यंत्रे आणि कुशल कारागीर यांसाठी मात्र जर्मनीकडेच पाहावे लागले. प्रत्येक रंगाची वेगळी शिळा हाताने टिंबाटिंबांनी भरून काढणारे हात या देशात अजून तयार झाले नव्हते.

हे हात कसे तयार व्हावेत, या प्रश्नाचा विचार बडोद्यात त्याच सुमारास सुरू झालेला होता. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या प्रेरणेने सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवनाची स्थापना केली. धंद्याचे शिक्षण मातृभाषेतून दिल्याखेरीज ते कारागिराच्या हाती उतरणार नाही, असा गज्जरांचा आग्रह होता. पिढीजात रंगाऱ्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला रसायन कळणार नाही, हे त्यांना मान्य नव्हते.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला एक तरुण या कलाभवनात दाखल झाला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, वास्तुरचना आणि प्रतिमाकाम शिकत असतानाच छायाचित्रणाने त्याला झपाटले. गज्जरांनी त्याची ओढ ओळखून त्याला रतलामला पाठविले. तेथे त्याने तिरंगी ठसे, फोटोलिथो आणि अंधारखोलीतील मुद्रणाचे तंत्र शिकून घेतले. परतल्यावर कलाभवनाची छायाचित्रशाळा आणि प्रयोगशाळा त्याला वापरण्यास मोकळी झाली. ‘दादासाहेब फाळके’ हे नाव उच्चारताच चित्रपट आठवतो. त्या चित्रपटाआधीची दोन दशके ठशांच्या संगतीत गेली, हे सहसा आठवत नाही.

ही विद्या काय होती, हे समजून घेण्यासारखे आहे. तिचे मर्म एका साध्या गुणधर्मात आहे. जिलेटिनमध्ये पोटॅशियम बायक्रोमेट मिसळून त्याचा पातळ थर दिला आणि त्यावर उजेड पडू दिला, तर उजेड लागलेला भाग कठीण होऊन पाण्यात विरघळेनासा होतो. सावलीतला भाग मात्र पूर्वीसारखाच मऊ राहतो. इंग्लंडमध्ये फॉक्स टॅलबट याने १८५२ साली याच गुणावर आपली खोदकामाची पद्धत उभारली. पुढे १८७९ साली व्हिएन्नामध्ये कार्ल क्लिच याने तिला परिपूर्ण रूप दिले. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवून त्यावर जिलेटिनचा उजेड दाखविलेला थर चढवावयाचा, मऊ भाग कोमट पाण्याने धुऊन काढावयाचा आणि मग फेरिक क्लोराइडने खोदाई करावयाची. जेथे थर पातळ तेथे द्रावण आधी पोहोचते व खड्डा खोल होतो. खोल खड्ड्यात शाई अधिक राहते आणि कागदावर गडद छाया उमटते. हेच ग्रॅव्ह्यूअर मुद्रण. हाफटोन ठशात टिंबांचा लहानमोठेपणा छायेचा भास निर्माण करतो. येथे शाईच्या थराची जाडीच छाया बनते.

या विद्येची खरी कसोटी टिकाऊपणात असे. बायक्रोमेट मिसळलेला थर अंधारातही हळूहळू कठीण होत जातो आणि उष्ण, दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. त्यामुळे थंड प्रदेशातील पुस्तकांत दिलेली वेळेची मापे आपल्याकडच्या उन्हाळ्यात वा पावसाळ्यात जशीच्या तशी चालत नाहीत. ती हाताने आणि डोळ्याने नव्याने बसवावी लागतात. ठसा साधला तरी तांबे मऊ असते. शाई भरणे, पुसणे आणि दाब देणे यांनी ते प्रत्येक प्रतीगणिक झिजते. म्हणून त्यावर विजेच्या साहाय्याने पोलादाचा अतिपातळ मुलामा देण्याची पद्धत पडली.

फाळक्यांनी ही विद्या धंद्यात उतरविली. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ हा छापखाना काढला आणि रविवर्म्याच्या छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम केले. पुढे दादरला तोच ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. १९०९ साली रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीस जाऊन आले. धंदा वाढला, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. छापखाना, यंत्रे आणि ठसे मागे राहिले. बरोबर आली ती केवळ अंधारखोलीत कमावलेली जाण. चित्रपटाची फीतही जिलेटिनच्या प्रकाशसंवेदी थराचीच असते. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे ही जुनी ओळख उभी होती.

बायक्रोमेट विषारी आणि जिलेटिन लहरी. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा प्रकाशसंवेदी बहुवारिकांनी, म्हणजे पॉलिमरांनी, घेण्यास सुरुवात केली. पोलादी पत्र्यावर बसविलेल्या या थरावर आधी अतिसूक्ष्म टिंबांची जाळी आणि मग पारदर्शक चित्र ठेवून अतिनील किरणे सोडतात. उजेड लागलेले रेणू एकमेकांत गुंफून कठीण होतात. चित्रातील काळ्या भागाखालचा थर साध्या पाण्याने धुतला जातो व तेथे शाईचे खड्डे पडतात. आम्लाची गरजच उरत नाही. धुतल्यावर ठसा पुरता वाळवून पुन्हा प्रकाश दाखविला की तो पक्का होतो आणि ओलाव्यापासून जपला तर दीर्घकाळ टिकतो. साधने बदलली, टॅलबटचे सूत्र बदलले नाही.

कलाभवन १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले. १९५० साली तेथे ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि ज्योती भट्ट यांच्यासारख्या मुद्राचित्रकारांनी तिचे नाव देशभर नेले. १९९९ साली ‘छाप’ ही मुद्राचित्रणाची कार्यशाळाही याच नगरीत निघाली. ज्या गावात ठसेकाराचे नाव कोणी विचारीत नसे, तेथेच ठसा घडविणारा हात आपल्या प्रतीखाली स्वतःची सही करू लागला.

नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९५२ साली कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची तिकिटे ग्रॅव्ह्यूअर पद्धतीने छापली गेली. १९७१ साली फाळक्यांच्या तिकिटाचीही त्यांत भर पडली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला आणि बडोद्यास उजेडाची विद्या शिकलेला हा माणूस अशा रीतीने घरोघरच्या पत्रांवर पोहोचला. ग्रंथालयातील जुना सचित्र अंक पुन्हा उघडताना चित्रावर क्षणभर अधिक रेंगाळावे. त्या अज्ञात हाताचे ऋण तेवढ्याने तरी मान्य होईल.