शहराचा आराखडा आणि शेजार : मुंबईच्या आपत्तिसज्जतेचा ऐतिहासिक आढावा (१८९६ ते २०२५)

प्रस्तावना :

दि. २८ जुलै २००५ रोजी, म्हणजे महापुरानंतर तिसऱ्या दिवशी, मुंबईच्या जुहू-विलेपार्ले परिसरातील नेहरूनगर झोपडपट्टीत एक अफवा पसरली. कोणी म्हणाले धरण फुटले, कोणी म्हणाले त्सुनामी येत आहे. अंधारात, अरुंद गल्ल्यांतून लोक जीव घेऊन पळाले आणि त्या चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मृतांमध्ये लहान मुलेही होती. त्या क्षणी वस्तीत पाणी चढत नव्हते आणि कोणतेही धरण फुटलेले नव्हते. ही माणसे पुराने मारली नाहीत, तर खात्रीलायक माहितीच्या अभावाने मारली.

विशेष म्हणजे मुंबईसाठी आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा त्या वेळी अस्तित्वात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने आपत्ती व्यवस्थापनाचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्यातून राज्यात असे आराखडे सिद्ध झाले आणि बृहन्मुंबईचा आराखडाही २००५ पूर्वीच तयार झाला होता. धोक्याची ठिकाणे कोणती, कोणत्या खात्याने काय करावे, याची नोंद त्यात होती. हे सारे ज्यांच्यासाठी लिहिले गेले, त्या वस्त्यांपर्यंत मात्र ते पोहोचले नव्हते. शहराने संकटात तगून राहावे म्हणून केलेल्या योजना आणि त्या शहरातील शेजार यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सक्तीची योजना : प्लेगचा काळ

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या प्रारंभी महापालिका आयुक्तांनी १८८८ च्या महापालिका अधिनियमाचा आधार घेऊन रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचे आणि घरे निर्जंतुक करण्याचे अधिकार वापरण्यास सुरुवात केली. वैद्यकीय दृष्टीने त्यामागे काही तर्क होता. पण रुग्णाला कोठे नेतात, तेथे त्याचे काय होते, नातेवाइकांना त्याची भेट होईल किंवा नाही, याविषयी चाळींत आणि मोहल्ल्यांत कोणीही काही सांगितले नाही. परिणामी, रुग्णालयात नेलेल्या माणसाला तेथे मारले जाते, अशी समजूत बळावली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला आणि त्यानंतर प्रशासनाला सक्ती शिथिल करावी लागली.

यातून बोध घेतला गेला असे दिसत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला, मार्चमध्ये ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर यांच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती स्थापन झाली आणि घरझडतीचे सत्र सुरू झाले. लाखो लोकांनी शहर सोडले. पुण्यात हाच प्रकार अधिक कठोरपणे घडला व त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी दंगल उसळली. तिचे निमित्तही एका आजारी मुलीला घरातून नेण्याचा प्रयत्न हेच होते.

याच काळातील दुसरी घटना मात्र इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये चालविण्याची मुभा मिळाली, तेव्हा लोक आपणहून रुग्ण तेथे आणू लागले. रोग तोच होता आणि विलगीकरणही तेच होते. फरक इतकाच होता की, रुग्णालयात काय चालते हे शेजाऱ्यांना ठाऊक होते, कारण ते चालविणारी माणसे त्यांच्याच वस्तीतील होती. वासाहतिक सत्तेच्या दडपशाहीवर अभ्यासकांनी विपुल लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ही दडपशाही केवळ बळाची नव्हती. माहिती रोखून धरणे हेही तिचे एक अंग होते.

गुप्ततेचा स्फोट : १९४४

दुसऱ्या महायुद्धात मुंबईने नागरी संरक्षणाची एक वेगळीच रचना अनुभवली. हवाई हल्ल्याच्या भीतीमुळे गल्लोगल्ली वॉर्डन नेमले गेले, दिवे झाकण्याचे नियम घरोघरी समजावले गेले आणि भोंगा वाजल्यावर काय करायचे हे शाळकरी मुलांनाही माहीत झाले. आराखडा दारापर्यंत पोहोचविणे शासनयंत्रणेला अशक्य नसते, ही गोष्ट त्यातून सिद्ध होते. तिला स्वतःला त्याची गरज वाटली पाहिजे, एवढेच.

शहरावर हवाई हल्ला झालाच नाही. संकट आले ते गोदीतून. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर एकामागून एक दोन प्रचंड स्फोट झाले. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि सोबत कापसाच्या गासड्या. स्फोटकांची सूचना देणारा लाल बावटा जहाजावर लावलेला नव्हता. गोदीला लागून असलेल्या दाट वस्तीला आपल्या शेजारी काय उभे आहे याची कल्पना नव्हती. शेकडो माणसे दगावली आणि आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्याहून बोलकी बाब अशी की, युद्धकालीन निर्बंधांमुळे या दुर्घटनेची बातमी पाठविण्याची परवानगी पत्रकारांना मे महिन्यापर्यंत मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी तिचा तपशील प्रसारित केला तो जपानी नियंत्रणाखालील सायगाव रेडिओने. म्हणजे जी गोष्ट शत्रूपासून लपवायची होती ती शत्रूला कळली होती. मांडवी आणि मस्जिद बंदरच्या रहिवाशाला मात्र ती अधिकृतपणे सांगणारे कोणी नव्हते.

नाल्यांचे गणित

स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत आपत्ती म्हणजे प्रामुख्याने पाऊस. शहरातील जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मि.मी. पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेईल अशा हिशेबाने बांधलेली होती. १९८५ च्या पुरानंतर या व्यवस्थेचा अभ्यास करवून घेण्यात आला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल सादर झाला. क्षमता ताशी ५० मि.मी. करावी, उदंचन केंद्रे उभारावीत, अशा शिफारशी त्यात होत्या. त्यानंतरची बारा वर्षे अहवाल बहुतांशी फायलींत राहिला. अहवालाचे नावच असे की, सामान्य माणसाला ते उच्चारणेही कठीण, मग त्याविषयी नगरसेवकाला जाब विचारणे दूरच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. दुपारी एका तासात तो १९० मि.मी. च्या घरात होता. त्याच दिवशी कुलाब्यात सुमारे ७४ मि.मी. पाऊस पडला. हवामान खात्याच्या या दोन वेधशाळांच्या आकड्यांतच त्या दिवसाचे सारे प्रशासकीय अपयश सामावलेले आहे. दक्षिण मुंबईतील कार्यालयांतून पाहता तो पावसाळ्यातील एक साधा दिवस होता, तर उपनगरांत मिठी नदी घरांत शिरत होती. ती नदी आहे, नाला नव्हे, हेदेखील अनेक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथमच कळले. शहरात चारशेहून अधिक बळी गेले.

त्या रात्री जे काही तगले ते शेजाराच्या बळावर तगले. झोपडपट्ट्यांतील लोकांनी अडकलेल्या अनोळखी माणसांना घरात घेतले, मशिदी, मंदिरे आणि शाळा खुल्या झाल्या. पुढे वृत्तपत्रांनी याचे ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणून कौतुक केले आणि हा शब्द प्रशासनाला फार सोयीचा ठरला. कारण शेजाऱ्यांची माणुसकी हीच जर शहराची सज्जता मानली, तर आराखडा कोठे होता, हा प्रश्न मागे पडतो. नेहरूनगरमध्येही माणुसकी कमी नव्हती. तेथे उणीव होती ती विश्वासार्ह शब्दाची, आणि तो शब्द ज्याच्या तोंडून खरा मानला जाईल अशा ओळखीच्या माणसाची.

दोन कायदे, दोन वृत्ती

२००५ हे वर्ष कायद्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अमलात आला आणि २३ डिसेंबर २००५ रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पहिला कायदा सार्वजनिक प्राधिकरणांनी आपणहून माहिती प्रकट करावी असे सांगतो. दुसऱ्याच्या कलम ३१ मध्ये जिल्हा आराखड्याची तरतूद आहे. तो स्थानिक प्राधिकरणांशी विचारविनिमय करून तयार करावा आणि त्याच्या प्रती जिल्ह्यातील शासकीय विभागांना उपलब्ध करून द्याव्यात, असे ते कलम म्हणते. जनजागृती व प्रशिक्षणाचा उल्लेख कायद्यात अन्यत्र आहे, पण आराखड्याची प्रत नागरिकाला देण्याविषयी हे कलम मौन बाळगते.

याच्या उलट, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम २६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, त्याच्या प्रती लोकांना पाहण्यासाठी खुल्या ठेवाव्या लागतात, वाजवी किमतीत विकाव्या लागतात आणि हरकती व सूचना मागवाव्या लागतात. या तरतुदीचे सामर्थ्य २०१५ मध्ये दिसून आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच काही वर्षे ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ यासारख्या प्रयत्नांतून वस्त्यावस्त्यांत नकाशे वाचण्याचे शिक्षण सुरू झाले होते. नकाशावर आपली गल्ली शोधणे, रंगांचा अर्थ लावणे, आपली वस्ती कोऱ्या जागेसारखी दाखविली असेल तर तसे लेखी नोंदविणे, ही कामे सामान्य रहिवाशांनी केली आणि शेजाऱ्यांना शिकविली. मसुद्यातील चुका एकामागून एक उघड झाल्या, मसुदा मराठीत मिळावा अशी मागणी झाली, हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने मसुद्याची फेररचना करण्याचा आदेश दिला. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. त्यात सर्वांचे समाधान झाले असे नव्हे, पण नकाशा वाचता येणारा शेजार शासनाला मागे फिरायला लावू शकतो, हे दिसले. पूररेषेच्या नकाशांबाबत अशी चळवळ झाली नाही, कारण त्यावर हरकत घेण्याची कायदेशीर जागाच नव्हती.

२००५ नंतरची वाटचाल

माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले, महापालिकेचा नियंत्रण कक्ष बळकट झाला, १९१६ हा दूरध्वनी क्रमांक परिचित झाला. उदंचन केंद्रांपैकी काही कार्यान्वित झाली, तर माहुल व मोगरा येथील केंद्रे दीर्घकाळ रखडली. या साऱ्यांत लोकांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट एकच आहे : साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांचे वेळापत्रक. दर पावसाळ्यापूर्वी ते प्रसिद्ध होते, वृत्तपत्रे ते छापतात आणि परळ-हिंदमाता परिसरातील दुकानदार त्या दिवशी माल वरच्या फळीवर ठेवतो. तारीख, वेळ आणि उंची एवढीच माहिती, पण ती वापरता येण्याजोग्या रूपात आली म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितली.

१३ मार्च २०२२ रोजी मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रकाशित झाला. नागरी पूर व जलस्रोत हा त्यातील सहा विषयांपैकी एक आहे. योगायोग असा की, निर्वाचित महापालिकेची मुदत त्याच महिन्याच्या ७ तारखेला संपली होती आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आराखडा प्रभागात नेणारा, त्याविषयी सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच त्या काळात नव्हता. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका क्षेत्रांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात आली. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी, म्हणजे दोन्ही पदे नियुक्त अधिकाऱ्यांची आहेत.

दरम्यान, डोंगरउतारावरील वस्त्यांपर्यंत शहराची योजना एका वेगळ्याच मार्गाने पोहोचते. १२ जुलै २००० रोजी घाटकोपर येथे आणि १८ जुलै २०२१ रोजी चेंबूर व विक्रोळी येथे दरडी व भिंती कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा ठिकाणांच्या याद्या प्रशासनाकडे असतात. पावसाळ्याच्या तोंडावर तेथे सूचना लावल्या जातात : रहिवाशांनी सुरक्षित स्थळी जावे, न गेल्यास होणाऱ्या दुर्घटनेस प्रशासन जबाबदार राहणार नाही. सुरक्षित स्थळ कोणते, तेथे जाण्याची वाट कोणती, वृद्धांना कोण नेणार, हे आराखड्याचे विषय आहेत आणि आराखडा कार्यालयात आहे. भिंतीवर लागते ती सूचना.