दुरुस्तीची गाडी आणि कामाचे तास

भर पावसाळ्यात रात्री गोरेगावात वीज गेली की आपण सारे एका गाडीची वाट पाहतो. शिडी, केबल आणि चार माणसे घेऊन दुरुस्तीची गाडी गल्लीत शिरली की जीवात जीव येतो. ती चालवणारा माणूस किती तासांपूर्वी घरून निघाला, हे मात्र आपण विचारीत नाही. कायद्याने ते फार पूर्वीच विचारले होते.

आपल्या उपनगरांना वीज देणारी ‘बॉम्बे सबर्बन’ कंपनी १९२९ साली निघाली. पुढे दहा वर्षांनी, १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने व्यावसायिक गाड्यांच्या चालकांना मर्यादा घालून दिली: सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला ९ तास, आठवड्याला ५४. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने हे तास ८ आणि ४८ वर आणले. पण एक दार किलकिले ठेवले. गाड्या मोडल्या, वाहतूक खोळंबली किंवा दैवी आपत्ती कोसळली, तर मालकाला जादा काम घेता येई. म्हणजे सूट होती ती प्रसंगाला.

आता अमेरिकेकडे पाहा. तेथे चालकांच्या तासांचे नियम १९३८ पासूनचे. परंतु ऑगस्ट २००५ मध्ये तेथील काँग्रेसने वीज, पाणी, गॅस, टेलिफोन यांची दुरुस्ती करणाऱ्या गाड्यांचे चालक या नियमांतून सरसकट वगळले. मग वादळ असो वा नसो. तेथे सूट मिळाली ती धंद्यालाच.

योगायोग असा की, त्याच्या पंधरवडाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांतील कित्येक वस्त्या अंधारात बुडाल्या. अशा वेळी घड्याळ पाहून गाडी उभी करा, असे कोण म्हणेल? सूट हवीच. परंतु प्रसंगाला दिलेली सूट पाणी ओसरले की संपते. धंद्याला दिलेली सूट कधीच संपत नाही, आणि अपुऱ्या माणसांवर काम रेटण्याची सवय तिच्या आडोशाला सुखाने वाढते.

आणखी एक गोष्ट. १९६१ च्या कायद्यात जादा तासांना दुप्पट मजुरी होती, बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीला बदली सुट्टी होती. सुट्टीची भरपाई सुट्टीने, पण तासांची मात्र पैशाने! आता पैशाने झोप कशी भरून निघायची? पेंगणाऱ्या चालकाला रस्ता काही सूट देत नाही. आणि त्याच्यामागे बसलेल्या वायरमनलाही नाही.

हा कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. कलमे बदलली, तरी सूट देताना दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: ती केव्हा संपणार? आणि संपल्यावर त्या माणसाला झोपायला किती तास मिळणार?